जुई कोणालाही दिलेली नाही

मी, साळूबाई पुंडलिक रुपनर, राहणार बजाजनगर, वाळूज, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाखाली न येता लिहीत आहे. वय आधार कार्डाप्रमाणे एकाहत्तर. खरे वय कोणालाच माहीत नाही, कारण माझा जन्म मेंढ्यांच्या तळावर झाला आणि तिथे तारीख लिहून ठेवायला कोणाला सवड नव्हती. मी बुद्धीने ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी आज वार कोणता ते विचारले, मी बरोबर सांगितला. मनाचे त्यांनी काही विचारले नाही. कायद्याला बुद्धी पुरते. पोटातल्या गाठीबद्दल मात्र ते पुष्कळ बोलले, आणि दिवाळीचा फराळ यंदा दुसऱ्या कोणीतरी करावा लागेल एवढे मला त्यातून समजले.

औरंगपुऱ्यातल्या वकिलांनी मला छापील नमुना दिला होता. त्यात माझ्या नावापुरती जागा मोकळी होती, बाकी सगळे आधीच ठरलेले. तो मी परत केला. एवढे शुद्ध हिला कोणी लिहून दिले, असा प्रश्न कोणाला पडू नये म्हणून सांगते: माझी मुलगी तनुजा दहावीला बसली त्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून मीही बसले. गणितात आपटले, पण मराठीत मला तिच्यापेक्षा जास्त मार्क पडले. ती काही दिवस माझ्याशी धड बोलली नाही आणि नंतर गल्लीभर तेच सांगत फिरली.

१. बजाजनगरमधले रो-हाऊस, पुढचा ओटा आणि गेटपर्यंतचे अंगण, हे माझे यजमान पुंडलिक यांनी हयातीतच माझ्या नावावर केलेले आहे. ते मी माझा मुलगा शिवराज याला देते. तनुजा असती तर निम्मे तिला दिले असते, तिने ते भावाला सोडून दिले असते, आणि त्यावरून मी तिच्याशी भांडले असते. आता भांडायलाही कोणी नाही.

यात एक अट आहे. माझ्या मागे येणारा पहिला श्रावण सरेपर्यंत शिवराजने गेटजवळच्या कोपऱ्याला हात लावू नये. त्याला पुढे गाळा काढायचा आहे. नकाशा त्याने मला दाखवला. त्यात शटर आहे, पायरी आहे, दुकानाच्या पाटीची जागा आहे, आणि जिथे माझी जुई आहे तिथे विजेच्या मीटरची पेटी आहे. मी त्याला चूक म्हणत नाही. त्याची कंपनीतली नोकरी गेली, पदरी संसार आहे, आणि वेलीच्या वासावर कोणाची चूल पेटत नाही.

२. बँकेत जे काही निघेल त्यातून माझी क्रिया उरकावी. तेराव्याला बुंदी करू नये. तनुजाच्या तेराव्याला होती, तेव्हापासून मला ती गिळवत नाही.

३. यजमानांची पान्यांची पेटी माझा भाऊ मुंजाबा याला द्यावी. त्याला त्यातले काही कळत नाही, पण ती पेटी उघडून बसले की त्याला आपण मेव्हण्याजवळ बसल्यासारखे वाटते. पितळेची भांडी सूनबाईंना. त्या ती मोडीत घालतील हे मला ठाऊक आहे, फक्त माझा महिना होईपर्यंत थांबावे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याची जबाबदारी मी मुंजाबावर टाकते.

४. तनुजाच्या सोन्याच्या बुगड्या माझी नात संस्कृती सोमनाथ खटके, राहणार चाकण, हिला देते. ती कायद्याने अज्ञान असल्याने तिच्या वडिलांनी तिला घेऊन यावे. बुगड्या कोणाच्या हाती पाठवू नयेत, कुरिअरने तर नाहीच. श्रावणातल्या एखाद्या दुपारी, याच घरात, याच ओट्यावर बसून तिने त्या घ्याव्यात.

ही पोर या घरी का येत नाही, ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तनुजा चार वर्षांपूर्वी भाद्रपदात डेंग्यूने गेली. ताप तिने अंगावर काढला. आज उतरेल, उद्या उतरेल, असे तिलाही वाटले आणि सोमनाथलाही वाटले. मलाही वाटले होते, मी फोनवर तिला काढा सांगत होते. तेराव्याला पंगत बसली. सोमनाथच्या पानात भात वाढताना शिवराज म्हणाला, "दोन दिवस आधी नेलं असतं दवाखान्यात, तर माही बहीण आज वाढायला असती." सोमनाथ भरल्या पानावरून उठला, अकरा वर्षांच्या संस्कृतीचा हात धरला आणि हात न धुता निघून गेला. त्याच वर्षी तो चाकणला बदली करून गेला. पुढे दुसरे लग्न केले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पोर लहान होती. पण या उंबऱ्यावर त्याने पुन्हा पाय ठेवला नाही आणि पोरीलाही ठेवू दिला नाही.

५. शिवराज वाईट नाही. त्याला रडता येत नव्हते म्हणून तो बोलला. पण बोललेले परत तोंडात घालता येत नाही. म्हणून घर घेण्याआधी त्याने एवढे करावे: सोमनाथ येईल त्या दिवशी गेटपर्यंत जावे, आपल्या हाताने त्याला पाणी द्यावे, जेवायला वाढावे, आणि तो पान पुसून उठेपर्यंत समोर बसून राहावे. माफी मागितली तर उत्तम. नाही जमले तर निदान दवाखान्याचा विषय काढू नये.

मुंजाबासाठी सूचना: संस्कृती आणि सोमनाथ यांच्यासमोर कागद इथपर्यंतच वाचावा आणि इथे घडी घालावी. पुढचे तू, शिवराज आणि सूनबाई आधीच वाचून ठेवा. वाचताना तुझा आवाज कापतो, तेव्हा एकदा सराव कर.

६. गेटजवळची जुई.

वकिलांना मी विचारले की वेल स्थावर की जंगम. ते हसले आणि म्हणाले, जमिनीत आहे तोवर स्थावर, काडी तोडून पिशवीत घातली की जंगम. मग म्हणाले, "आजी, झाडाचं काय लिहायचं त्यात?" त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची फुले होती, म्हणून मी वाद घातला नाही.

माझे सासर पाचोडजवळचे. सासरे धोंडिबा वर्षातले आठ महिने मेंढ्यांमागे हिंडायचे. घरी राहायच्या त्या सासूबाई सुगंधाबाई आणि ओट्याशेजारची जुई. आमच्या बायकांत एक रीत होती. जुई हाताने द्यायची नाही आणि तोंडाने मागायची नाही. दिलेली काडी लागत नाही, ती न विचारता न्यावी लागते. पण घरधनिणीच्या मनाविरुद्ध नेलेलीही लागत नाही. म्हणून जिला वेल हवी असेल ती दुपारची येऊन ओट्यावर बसायची, इकडचे तिकडचे बोलायची आणि एकदाच वर वेलीकडे बघायची. घरधनीण म्हणायची, बस, चहा टाकते. ती आत जायची. कातर ओट्यावर राहायची. त्या दिवशी चहाला फार वेळ लागायचा.

आमचे बिऱ्हाड बजाजनगरला हलणार होते त्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, चहा टाकते. एसटीची वेळ होत आली होती. यजमान दारात येरझारा घालत होते. आत सासूबाई भांडी आपटत होत्या, म्हणजे त्या आत आहेत हे मला कळावे आणि मी घाबरू नये. मी तीन डोळ्यांची एक काडी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत लुगड्यांखाली ठेवली. त्या चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो गार होता. केव्हाच झाला असणार. गाडीत चढताना त्या एवढेच म्हणाल्या, "पिशवी उन्हात ठिवू नको."

त्या एका काडीचा पुढे गेटभर मांडव झाला. त्यावरच्या कळ्या ओवून मी औरंगपुऱ्यात कित्येक पावसाळे गजरे विकले, तनुजाच्या कॉलेजची फी त्यातून गेली. पाचोडची मूळ वेल सासूबाईंच्या मागे दिरांनी काढून टाकली. तिथे आता पाण्याची टाकी आहे. म्हणजे ही वेल गेली की ती जुई संपली.

तनुजा शहरात वाढली. तिला मागायची सवय. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात ती गेटातूनच म्हणाली, "आई, मला जुई दे ना, गॅलरीत लावते." लेकीला नाही कसे म्हणायचे? मी दिली. दर पावसाळ्यात दिली. एकही लागली नाही. कारण मला दिसत होते. ती रोज सकाळी काडी उपटून बघायची, मूळ आले का. मी म्हणायची, अगं, झाकून ठेव आणि विसरून जा. तर म्हणायची, "विसरू कसं, जीव लागून राहतो ना."

ती गेली त्या पावसाळ्यातही तिच्या गॅलरीत एक काडी होती. तिचे कपडे आणायला गेले तेव्हा ती हिरवीगार दिसली, वर दोन नवी पाने. मला वाटले, ही लागली. मी ती छातीशी धरून रिक्षाने घरी आणली. सावलीत ठेवली, वरून पिशवी बांधली, कोणाला हात लावू दिला नाही. दिवाळीच्या सुमारास ती वाळली. काढून पाहिली तर खाली एक तंतू नव्हता. जुईची काडी मुळाशिवाय पुष्कळ दिवस हिरवी राहते. अंगातल्या ओलीवर पालवी फोडते आणि बघणाऱ्याला वाटते, जगली. त्या दिवसापासून माझेही तसेच चालले आहे. लोक म्हणतात, साळूबाई सावरल्या.

मागच्या वर्षी संस्कृतीचा फोन आला. तिने विचारले, आजी, मम्मी सांगायची ती जुई अजून आहे का? मला दुसरे काही सुचले नाही. शेजारचा गोकुळ चाकणला टेम्पो घेऊन जातो, त्याच्याकडे दुसऱ्याच दिवशी चांगल्या पाच-सहा काड्या ओल्या फडक्यात बांधून दिल्या. सोमनाथने त्या तिकडच्या गेटवर येऊन घेतल्या, गोकुळला चहाही विचारला. त्या रात्री मी पोटभर जेवले. मग महिन्याने पोरीचा फोन. "आजी, सॉरी, सगळ्या वाळल्या. मी रोज काढून बघत होते, मूळ आलं का."

मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. ती हॅलो, हॅलो करत राहिली.

मी अडाणी नाही. काडी दिल्याने वाळत नाही, उपटल्याने वाळते, हे मला कळते. पण दिलेल्या सगळ्या वाळल्या आणि न विचारता आणलेली एक इतकी वर्षे जगली, हेही माझ्याच डोळ्यांनी पाहिले आहे. आता मरताना मी कशावर विश्वास ठेवावा हे मला वकिलांनी सांगू नये. आणि पोरीला रीत सांगावी म्हटले, तर सांगितले की ते देणेच झाले. ही गोष्ट सांगून शिकवायची नसते. आई ओट्यावरून नजर चुकवून काडी तोडते हे लेकीने पदराआडून बघायचे असते. संस्कृतीने ते कधी पाहिले नाही. तिची आईही मागूनच नेत होती. आताच्या मुली चांगल्या वळणाच्या आहेत, विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाहीत.

वेलीचेही आता खरे नाही. दोन उन्हाळे टँकरच्या खाऱ्या पाण्यावर काढले. बुंध्याला वाळवी लागली आहे, गेटाकडची बाजू पार वाळली. भिंतीकडचा एक फाटा तेवढा जिवंत आहे. या वर्षी त्याच्या काड्या मी स्वतः लावून पाहिल्या. मातीत वाळू घातली, पाणी उकळून गार करून घातले. सगळ्या काळ्या पडल्या. आता त्या फाट्यावर फार तर तीन-चार काड्या निघतील.

७. म्हणून लिहून ठेवते की ही जुई मी कोणालाही देत नाही. शिवराजला नाही, सूनबाईंना नाही, संस्कृतीला तर मुळीच नाही.

सासरे धोंडिबा यांची मेंढ्यांची लोकर कातरायची लोखंडी कातर माझ्या उशाच्या पेटीत आहे. संस्कृती येणार त्या सकाळी शिवराजने त्या कातरीला धार लावावी आणि ओट्यावर ठेवून द्यावी. शेजारी ओले फडके ठेवावे असे मला फार वाटते. पण ठेवू नये. तेवढे केले की सगळेच हातात दिल्यासारखे होईल. बुगड्या देऊन झाल्या, जेवणे झाली, की मुंजाबाने म्हणावे, बस पोरी, चहा टाकतो, आणि सगळ्यांनी सोमनाथला घेऊन आत जावे. चहा शेजारच्या सुकेशनीने करावा, कारण तिच्या चहाला एरवीही फार वेळ लागतो. आत भांड्यांचा आवाज करावा. खिडकीतून कोणी बघू नये. सूनबाई, हे तुम्हाला आहे.

मला दिसते ते असे. पोर येईल, मोबाइलवर वेलीचा फोटो काढेल, आत डोकावेल आणि विचारेल, मामा, एक फांदी घेऊ का? शिवराज भोळा आहे, तो म्हणेल, घे की, तुझीच आहे. आणि तिथे सगळे संपेल. शिवराज, तू हो म्हणू नकोस. नाहीही म्हणू नकोस. ऐकू न आल्यासारखे कर आणि साखर शोध.

तिने नेलीच, तर ती चाकणला पोहोचल्यावर मुंजाबाने फोन करून, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावे तसे, पुढचे सांगावे. काडी पेन्सिलीएवढी जाड, फार कोवळी नको, फार जुनी नको. खालच्या डोळ्याच्या जरा खाली तिरपी कापायची. खालची पाने काढायची, वरची दोन ठेवायची, तीही अर्धी कातरून. दोन डोळे मातीत, एक वर. माती निम्मी, वाळू निम्मी, चिमूटभर जुने शेणखत. वरून पारदर्शक पिशवी, जागा सावलीची. आणि उपटून बघायचे नाही. कितीही जीव लागून राहिला तरी उपटून बघायचे नाही.

८. ती रिकाम्या हातांनी गेली तर तिला मागून हाक मारू नये. पोरीचा काही दोष नाही. दुसऱ्या दिवशी, श्रावण सरायची वाट न बघता, शिवराजने वेल बुंध्यातून तोडावी आणि मीटरची पेटी बसवावी. वाळकी लाकडे कचरागाडीत टाकली तरी चालतील. माझा अंदाज विचाराल तर असेच होणार आहे. रोज सकाळी मी ओट्यावर बसून त्या एका फाट्याकडे बघते आणि मला दुसरे काहीही दिसत नाही. तरी कातरीला धार लावावी.

याआधी मी असा कागद केलेला नाही. करायला हवा होता तेव्हा द्यायची माणसे होती, तेव्हा वाटले घाई काय आहे. वर लिहिले ते सर्व माझ्या मनचे आहे, ते मी दोनदा वाचून पाहिले आणि त्याखाली सही करते.

स्थळ: बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १० जून २०२५

सही: साळूबाई पुंडलिक रुपनर

साक्षीदार (यांना या कागदाने काहीही मिळत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलांचे म्हणणे पडले, नाहीतर सुकेशनीला माझी शाल दिली असती):

१. गोकुळ साहेबराव पठाडे, टेम्पोचालक, बजाजनगर. साळूबाईंनी माझ्यासमोर सही केली. मी पाहिली. चाकणला काड्या मीच नेल्या होत्या, वाटेत दोनदा पाणी मारलं होतं.

२. सुकेशनी भगवान साळवे, शेजारीण, बजाजनगर. सही करताना मी पाहिलं. त्या दुपारी मी काही पाहणार नाही. चहा मी टाकीन.